अंतऱ्याआधीचा तो पीस कोणी वाजवलाय?

तबकडीवाला

आमच्या घरी गाण्याच्या भेंड्या कधी धड पार पडल्या नाहीत, आणि त्याला कारण मोठे काका. मुखडा म्हणून झाला की थांबायचं आणि पुढच्या पार्टीने शेवटचं अक्षर उचलायचं, हा साधा नियम. काका थांबतील तर शपथ. डोळे मिटून, मांडीवर ठेका धरून, 'टॅंऽ टॅटॅ रॅंऽ' करत मधलं सगळं म्युझिक तोंडाने वाजवायचे आणि मगच समोरच्यांना अक्षर सोडायचे. आम्ही पोरं ओरडायचो, "काका, ते गाण्यात धरत नाहीत!" काकांचं उत्तर ठरलेलं, "मग गाण्यात काय धरतात?"

परवा रात्री झोप येईना म्हणून जुनी गाणी लावून पडलो होतो. तेव्हा लक्षात आलं की अर्ध्या गाण्यांच्या अंतऱ्याचे शब्द मला आता आठवत नाहीत, पण अंतऱ्याआधीचा पीस, म्हणजे ते मधलं म्युझिक, सुरासकट आठवतो. कुठे व्हायोलिनचा ताफा वर चढतो, कुठे एकटी बासरी उरते, कुठे ढोलक आत येतो, सगळं पाठ. आणि त्यातल्या एकाही वाजवणाऱ्याचं नाव मला चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे ज्यांचं वाजवणं मी रोज गुणगुणत होतो, ते मला कुणीच नव्हते.

दोष सगळा आपला नाही म्हणा. ७८ आरपीएमच्या तबकडीवर नावांसाठी चकतीएवढी जागा. तिच्यात गाणं, सिनेमा, गायक आणि संगीतकार बसवले की संपलं. १९४९ च्या 'महल'मधल्या 'आएगा आनेवाला'च्या तबकडीवर तर गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं नाव! लोकांनी रेडिओकडे चौकशा केल्या तेव्हा लता मंगेशकर हे नाव जाहीर झालं. जिथे लताबाईंची ही गत, तिथे तिसऱ्या रांगेत व्हायोलिन घेऊन बसलेल्याला कोण विचारतो?

तर हा धागा त्या तिसऱ्या रांगेसाठी. माझे चार लाडके सांगतो, मग तुमचे येऊ द्या.

पहिले मनोहारी सिंग. सॅक्सोफोनवाले, कलकत्त्याचे. १९५८ साली सलील चौधरींनी त्यांना मुंबईला आणलं. पुढे एस. डी. आणि आर. डी. या बर्मन पितापुत्रांकडे त्यांनी जे काम केलं त्यावर वेगळा धागा निघेल. आज एकच गाणं ऐका, 'गाईड'मधलं (१९६५) 'तेरे मेरे सपने'. हेडफोन लावून ऐका, पण रफीसाहेबांकडे लक्ष द्यायचं नाही. (जमत नाही, माहीत आहे. तिसऱ्यांदा जमतं.) सॅक्सोफोन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्लब, सिगारेटचा धूर आणि हेलन येते. इथे तेच वाद्य अगदी दबक्या आवाजात, फुंकर ऐकू येईल इतक्या जवळून वाजतं. रफी जिथे सोडतात तिथून उचलतं आणि पुन्हा त्यांच्या हातात ठेवून गप्प बसतं. एकही जागा 'बघा मी कसा वाजवतो' म्हणून घेतलेली नाही. इतकं येत असताना इतकं कमी वाजवायला काय लागत असेल?

दुसरे केर्सी लॉर्ड. हे घराणंच वाजवणाऱ्यांचं. वडील कावस लॉर्ड तालवाद्यांतले दादा, भाऊ बर्जोर म्हणजे बुजी ड्रम्सवर. केर्सींनी ग्लॉकेनस्पील, व्हायब्राफोन, अ‍ॅकॉर्डियन आणि पुढे सिंथेसायझर असं हाताला लागेल ते वाजवलं. 'आराधना'तलं (१९६९) 'रूप तेरा मस्ताना' सगळ्यांना माहीत आहे. ते एका सलग शॉटमध्ये चित्रित केलं हेही सगळ्यांना माहीत आहे. त्यातला तो अंगावर येणारा अ‍ॅकॉर्डियन केर्सींचा, हे किती जणांना माहीत आहे?

तिसरे दत्ताराम. शंकर-जयकिशनचे सहायक आणि ताल विभागाचे सर्वेसर्वा. ढोलकावर त्यांनी बसवलेल्या ठेक्याला वाजवणारे आजही 'दत्तू ठेका' म्हणतात. माणसाच्या नावाचा ठेका! आपल्याकडे रस्त्याला नाव मिळतं, चौकाला मिळतं. ठेक्याला नाव मिळणं म्हणजे रोज कुणीतरी तुमची आठवण हाताने वाजवणं. त्यांनी स्वतः संगीत दिलेल्या 'परवरिश'मधलं (१९५८) 'मस्ती भरा है समां' ऐका. डाव्या हाताचा घसरता घुमारा आणि उजव्या हाताची टिपरी यांच्यामध्ये गाणं झोपाळ्यासारखं हलत राहतं.

आणि चौथे सेबास्टियन डिसोझा. यांच्यावर लिहायला बसलो तर आज झोपायला नको. फाळणीआधी लाहोरात बँड चालवणारा हा गोव्याचा माणूस मुंबईत आला आणि शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर यांचा अरेंजर झाला, म्हणजे चालीभोवतीचं वाद्यांचं काम बसवणारा. गायिका लांब सूर धरते आणि मागे व्हायोलिन तिच्यापेक्षा वेगळीच, तिला न अडवणारी चाल धरून जातात. त्याला वाजवणारे ऑब्लिगाटो म्हणतात. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत तो ऐकू आला की मागे बहुधा सेबास्टियन असतात. गाणं संपल्यावर आपण गुणगुणतो ती चाल, आणि घसा दाटतो तो त्या मागच्या चालीमुळे. हे माझं मत, पुरावा मागू नये.

---

खर्जातला

वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका. 'नागिन'मधली बीन कोणी वाजवली? आमच्या आजोळी गणपतीत हे गाणं लागलं की एक आजोबा खुर्चीवर पाय वर घेऊन बसायचे. साप येतो म्हणे.

---

कोपरखळी

मस्त धागा! गोव्याची माणसं निघालीच आहेत तर 'माय नेम इज अँथनी गोन्साल्विस' राहिलं की. (हलके घ्या, ते पात्र आहे हे मला माहीत आहे.)

---

तबकडीवाला

@खर्जातला, आजोबांना सांगा, पाय खाली सोडा. त्या गाण्यात बीन नाहीच. १९५४ चा सिनेमा, संगीत हेमंतकुमारांचं, आणि तो आवाज क्लॅव्हायोलिन नावाच्या छोट्या विजेवरच्या कीबोर्डचा. वाजवणारे कल्याणजी वीरजी शहा, म्हणजे पुढच्या कल्याणजी-आनंदजी जोडीतले थोरले. गंमत बघा, नागपंचमीला बीनवाले दारोदार हेच गाणं वाजवत हिंडायचे. नकलेची नक्कल करताना अस्सल वाद्याची दमछाक होते.

@कोपरखळी, हलके घेतलं, पण तुमचा कंस चुकला. अँथनी गोन्साल्विस हा खराखुरा माणूस होता. गोव्यातल्या माजोर्ड्याचे, जन्म १९२७. व्हायोलिनवादक, अरेंजर आणि शिक्षक. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. आर. डी. बर्मनही त्यांचे विद्यार्थी. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'ला संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलालचं होतं. प्यारेलालनी गुरूचं नाव अख्ख्या देशाच्या तोंडी बसवलं. फक्त देशाला वाटलं, अंड्यातून निघालेला अमिताभ!

या माणसाचं स्वप्न मात्र सिनेमापेक्षा मोठं होतं. राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणायचे म्हणून त्यांनी १९५८ मध्ये स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. १९६५ च्या सुमारास ते सिराक्यूज विद्यापीठाची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेला गेले. परत आल्यावर ते पुन्हा सिनेमाच्या धंद्यात पडले नाहीत. गोव्याला जाऊन राहिले. २०१२ मध्ये गेले तेव्हा बातमीचा मथळा काय असणार? तेच गाणं.

---

कोपरखळी

कंस मागे घेतो. चाळीस वर्षं हे गाणं लग्नाच्या वरातीत नाचलोय. आज पहिल्यांदा लाज वाटली, आणि नाचण्याची नव्हे.

---

भाता_आणि_बटणं

तबकडीवाला, तुमच्या काकांना माझा दंडवत. आमच्या घरी मामा होते. ते तोंडाने नव्हे, खरोखर वाजवायचे.

मामा ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. दिवसा कचेरी, रात्री शो. सत्तरचं दशक. तेव्हा गावोगावी ऑर्केस्ट्रे होते. पुण्याचे 'मेलडी मेकर्स' म्हणजे सगळ्यांचा आदर्श. लोक तिकीट काढून यायचे आणि त्यांची एकच अपेक्षा असायची, रेकॉर्डसारखं वाजलं पाहिजे. गायक थोडा इकडेतिकडे झाला तर चालायचं, कारण तो रफी नाही हे दिसतच होतं. पीस चुकला की मात्र मागच्या रांगेतून शिट्टी. म्हणजे बघा, नाव कुणाला माहीत नव्हतं पण सूर न् सूर माहीत होता.

आता पीस बसवायचा कसा? रेकॉर्ड विकत घ्यायला पैसे नाहीत, नोटेशन कुठे मिळत नाही. मामा रेडिओला कान लावून बसायचे. गुडघ्यावर शंभर पानी वही, कानामागे पेन्सिल. गाणं लागलं की पहिल्या खेपेला पीसचे पहिले चार-पाच सूर सरगममध्ये उतरवायचे. तोवर अंतरा सुरू. मग ते गाणं पुन्हा कधी लागेल याची वाट बघायची. बिनाका गीतमालात वरच्या पायदानावर असलं तर बुधवारी लागणार याची खात्री, नाहीतर फर्माइशींवर भिस्त. एका गाण्याचा पीस पुरा व्हायला कधीकधी महिना जायचा. वहीत मधे मधे कोऱ्या जागा सोडलेल्या असायच्या. समोर बारीक अक्षरात 'इथे बहुतेक कोमल नी, पुन्हा ऐकणे'.

ती वही माझ्याकडे आहे. एका पानावर फक्त एवढंच लिहिलंय, 'भाता कुठे फिरवला?' लहानपणी मला याचा अर्थ कळला नव्हता. अ‍ॅकॉर्डियनमध्ये हवा भात्यातून येते. भाता उघडताना एक सूर निघतो आणि बंद करताना तोच सूर निघतो, पण दिशा बदलते त्या क्षणी किंचित तुटतो. लांब पीसमध्ये दिशा कधीतरी बदलावीच लागते. कसलेला वाजवणारा ती जागा अशी निवडतो की तुमच्या कानाला कळू नये. मामा रेडिओवर ते तुटणं शोधत होते आणि त्यांना सापडत नव्हतं!

मामांचं दैवत एनॉक डॅनियल्स. पुण्याचे. एकदा त्यांच्या कार्यक्रमाला मामा मला घेऊन गेले होते. मी दहा वर्षांचा. मला वाटलं मामा बोटांकडे बघतायत. मामा सगळा वेळ भात्याकडे बघत होते.

---

खर्जातला

वहीचं ते पान डोळ्यांसमोर आलं. जमलं तर इथे फोटो टाका.

---

स्पष्टवक्ता

विरोधी सूर लावतो. राग नसावा.

अलीकडे एक टूम निघाली आहे. सगळं श्रेय अरेंजरला आणि वादकांना, संगीतकार म्हणजे नुसता पेटीवर 'ला ला' करणारा. गोव्याच्या लोकांनी सगळं केलं आणि बाकीच्यांनी नाव कमावलं, असं ठोकून देतात. अहो, चाल नसेल तर ऑब्लिगाटो कशाच्या मागे वाजवणार? सलील चौधरी स्वतः नोटेशन लिहायचे. मदनमोहनच्या गझलेत सतार कुठे बोलणार हे मदनमोहनला माहीत नव्हतं असं म्हणायचंय का? सुतार उत्तम असेल, पण घराचा आराखडा त्याचा नसतो. आणि वादकाला कामाचे पैसे मिळत होते. चित्रकाराच्या कुंचल्यावर कारखान्याचं नाव असतं, चित्रावर नसतं.

---

मंद्रसप्तक

@स्पष्टवक्ता, कुंचल्याची उपमा मागे घ्या. कुंचला स्वतः काही ठरवत नाही. वादक ठरवतो.

मी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात उमेदवारी केली ती ट्रॅकवाल्या जमान्याच्या अखेरीस. पण माझे वरिष्ठ मोनो काळातले होते. त्यांनी सांगितलेलं थोडं लिहितो, म्हणजे 'वाजवणं' म्हणजे तेव्हा काय होतं ते कळेल.

आज प्रत्येकजण वेगळा वाजवतो, चुकलं तर तेवढंच दुरुस्त होतं. तेव्हा गायक, व्हायोलिन, ब्रास, ताल, कोरस, सगळे एकाच वेळी, एकाच टेकमध्ये. अडीच मिनिटं सगळं सुरळीत जाऊन शेवटच्या ओळीत त्रिकोणवाल्याने (ट्रँगल वाजवणाऱ्याने) टिंग एक मात्रा आधी मारलं, की अख्खा हॉल पुन्हा पहिल्यापासून. गायिकेचा आधीचा टेक कितीही सुंदर गेलेला असो, तो गेला. आता विचार करा, ज्याला सबंध गाण्यात चार टिंग मारायचे आहेत त्याच्या पोटात काय होत असेल. सतत वाजवणाऱ्याला हात गरम ठेवता येतो. याला दोन मिनिटं मुकाट मात्रा मोजत उभं राहायचं असतं.

माइक थोडे. त्यामुळे आवाज लहान-मोठा करायचा तो बराचसा अंतराने. ट्रंपेटवाले मागे, भिंतीकडे. बासरीवाला पुढे. ज्याचा एकट्याचा पीस आहे तो हळूच चार पावलं माइककडे येणार, वाजवणार आणि पायाचा आवाज न करता मागे जाणार. काहीजण बूट काढूनच उभे राहायचे. ताडदेवच्या फेमस स्टुडिओत मिनू कात्रक रेकॉर्डिस्ट होते. जुने लोक त्यांचं नाव निघालं की आजही कान पकडतात. गाण्यात बासरी एकदम 'जवळ आल्यासारखी' वाटते ना, तेव्हा ती बहुधा खरोखरच जवळ आलेली असते. पायांनी.

आणि अर्धा हॉल वाचून वाजवायचा, अर्धा ऐकून. गोव्याकडचे वादक चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन वाचायला शिकून आलेले. त्यांच्यासमोर स्टँडवर कागद. सतार, सारंगी, तबला, ढोलक यांच्यासमोर काही नाही, फार तर वहीत सरगम. या दोन जगांमध्ये पूल म्हणजे अरेंजर. संगीतकाराने पेटीवर गाऊन दाखवलेली चाल व्हायोलिनवाल्यांना कागदावर पोचवायची आणि ढोलकवाल्याला बोलांत. प्यारेलालचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा ट्रंपेटवादक होते. त्यांनी कित्येकांना नोटेशन वाचायला शिकवलं. अशी माणसं होती म्हणून ती गाणी एका दिवसात उभी राहायची.

---

स्पष्टवक्ता

त्रिकोणवाल्याबद्दल सहानुभूती. कुंचला मागे. आराखडा कायम.

---

तबकडीवाला

@स्पष्टवक्ता, आराखडा ठेवा, तो मलाही मान्य आहे. गोव्याच्या लोकांनीच सगळं केलं असं म्हणणाऱ्यांना मीही हात जोडतो. पण तुमच्या मांडणीत संगीतकार एकीकडे आणि वादक दुसरीकडे अशी भिंत आहे, ती प्रत्यक्षात नव्हती. लक्ष्मीकांत मेंडोलिन वाजवायचे, प्यारेलाल व्हायोलिन. कल्याणजींचं वर आलंच. लक्ष्मीकांत-प्यारेलालच्या 'दोस्ती'मध्ये (१९६४) माउथ ऑर्गन वाजवणारे आर. डी. बर्मन, म्हणजे उद्याचे प्रतिस्पर्धी! बासरी-शहनाईवाले रामलाल 'सेहरा'चे (१९६३) संगीतकार झाले. आज जो तिसऱ्या रांगेत, तो उद्या पोडियमवर.

उलटही. 'गाईड'मध्येच 'मोसे छल किये जाए'ला तबला कुणाचा आहे? शिवकुमार शर्मांचा. होय, संतूरवाले. त्याच सिनेमात एकीकडे मनोहारींचा सॅक्सोफोन आणि दुसरीकडे शिवजींचा तबला.

आणि चेहरा दिसल्याचं एक उदाहरण सांगतो, फार दुर्मीळ आहे. गोव्यातल्या बार्देशातल्या अल्दोन्याचे अँटोनियो झेवियर वाझ. लोक त्यांना चिक चॉकलेट म्हणायचे, हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग. ट्रंपेट. ताजमहाल हॉटेलात त्यांचा बँड वाजायचा. आपले पुणतांब्याचे चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्याकडे ते काम करायचे. 'अलबेला'त (१९५१) 'दीवाना परवाना'मध्ये चिक आणि त्यांचा बँड पडद्यावर दिसतो. गीता बाली आणि भगवानदादांवरून नजर थोडी बाजूला करा. नगर जिल्ह्यातला माणूस आणि बार्देशातला माणूस मिळून परळच्या गिरणी कामगाराला न्यू ऑर्लिन्सच्या ठेक्यावर नाचवतात, यात आराखडा कुणाचा आणि सुतारकाम कुणाचं, हे मला नाही बुवा वेगळं करता येत. चिक १९६७ मध्ये गेले. जेमतेम पन्नाशीत.

---

सोनचाफा

सगळे हिंदीतच रमलात, म्हणून मराठीची आठवण करून देते.

प्रभाकर जोग. 'गीतरामायण' १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक गाणं या हिशेबाने वर्षभर चाललं. तेव्हा बाबूजींचे, म्हणजे सुधीर फडक्यांचे, सहायक आणि व्हायोलिनवर जोग. पुढे त्यांचं 'गाणारं व्हायोलिन' घराघरांत गेलं. माझी आई गायची. ती सांगायची की व्हायोलिनवर चाल सगळेच वाजवतात, जोग शब्द वाजवतात. मला हे बोलायला छान वाक्य वाटायचं. एकदा तिने करून दाखवलं. कॅसेट लावली आणि म्हणाली, 'आता 'ळ' कुठे येतो ते ऐक.' आणि खरंच, गज जिथे तारेवर किंचित दाबून वळतो तिथे 'ळ' ऐकू आला. तेव्हापासून मी ते व्हायोलिन ऐकत नाही, वाचते. तेच जोग 'लपविलास तू हिरवा चाफा'चे संगीतकार. २०२१ मध्ये गेले.

दुसरे अनिल मोहिले. व्हायोलिनवादक, अरेंजर. लताबाईंच्या कार्यक्रमांत वाद्यवृंदासमोर उभे असायचे ते. अरुण पौडवालांबरोबर 'अनिल-अरुण' म्हणून 'अष्टविनायक'चं (१९७९) संगीत त्यांचंच. आणि अरुण पौडवाल मूळचे अ‍ॅकॉर्डियनवाले, हे मामांच्या भाच्यासाठी.

आणि एक तक्रार. इतका वेळ 'वाजवणारी माणसं' चाललंय, पण सगळे पुरुषच? लुसिला पाचेको पियानो वाजवायच्या, सॅक्सोफोनही. पन्नास माणसांच्या हॉलमध्ये साडी किंवा फ्रॉक घातलेली एकटी बाई सॅक्सोफोन फुंकतेय, हे चित्र मला फार आवडतं. आणि सरोदवर झरीन दारूवाला, लग्नानंतर झरीन शर्मा. जुन्या गाण्यांत सरोद वाजला की आधी त्यांचंच नाव मनात आणा, बऱ्याचदा बरोबर निघेल.

---

तबकडीवाला

@सोनचाफा, तक्रार शंभर टक्के मान्य. लुसिलाबाईंचं नाव माझ्या यादीत होतं, पण 'झोपायला नको'च्या नादात राहून गेलं. आणि 'ळ'वाली गोष्ट मी चोरणार आहे.

---

रिवाइंड

आत्ताच्या गाण्यांत पीस नसतोच. एकच लूप शेवटपर्यंत. रिमिक्सवाल्यांना तर... जाऊ द्या.

---

मंद्रसप्तक

@रिवाइंड, जाऊच द्या. त्यावर दरवर्षी एक धागा निघतो आणि दरवर्षी शंभरी गाठतो. इथे नको.

एक भर. कांचाभाई, म्हणजे रणजित गझमेर, दार्जिलिंगचे. त्यांचा मादल आर. डीं.नी 'हरे रामा हरे कृष्णा'त (१९७१) 'कांची रे कांची रे'ला वापरला आणि मग तो आवाज त्यांच्या गाण्यांत कायमचा राहिला. मादल म्हणजे नेपाळी ढोलकं, लहानसं. आर. डीं.च्या गाण्यात तबला आहे की ढोलक असा गोंधळ झाला तर तिसरी शक्यता धरा. आणि त्यांच्या ताल विभागाचा कणा म्हणजे मारुतीराव कीर. मनोहारी, बासू चक्रवर्ती आणि मारुतीराव हे त्रिकूट ज्या खोलीत बसायचं तिथे भिंतीला कान लावायला मिळाला असता तर मी पगार सोडला असता.

---

भाता_आणि_बटणं

वहीचा फोटो टाकायचा प्रयत्न केला, पेन्सिल इतकी पुसट झाली आहे की काही दिसत नाही. म्हणून 'भाता कुठे फिरवला'च्या खालचं वाचून सांगतो. तिथे वेगळ्या शाईत, बहुधा बऱ्याच वर्षांनी लिहिलंय, 'सापडले. गायिकेच्या श्वासाबरोबर.'

कुठलं गाणं ते मात्र मामांनी लिहिलेलं नाही.

---

खर्जातला

बाप रे.

---

स्पष्टवक्ता

आराखड्याचं उद्या बोलू.

---

कोपरखळी

धागा वाचून जोर चढला म्हणून आज आईला बसवलं. वय ८१. 'संगम' (१९६४) तिने थिएटरात सलग तीनदा पाहिलेला. 'हर दिल जो प्यार करेगा' लावलं आणि मधलं म्युझिक आलं तसं विचारलं, "आई, हा अ‍ॅकॉर्डियन कोण वाजवतंय सांग बघू?"

माझ्याकडे अशी बघितली की जणू मला स्वतःचं नाव विचारलंय.

"राज कपूर. दिसत नाही का?"

मी तिला सगळं समजावलं. तिसरी रांग, नोटेशन, माइक, चार पावलं. नीट ऐकून घेतलं तिने. मग 'दोस्त दोस्त ना रहा' लागलं, पियानोवर.

"आणि हा?"

"हा पण तोच," आई म्हणाली. "सगळं यायचं हो त्याला."

---

तबकडीवाला

आईंना साष्टांग. बुधवारी सेबास्टियनवर वेगळा धागा काढतो. मोठ्या काकांनाही बोलावणार आहे, पण ते तोंडानेच लिहितील.